२०१९ मध्ये नवा घेतलेला २०१७ चा मॅकबुक एअर: सपोर्टची वर्षं मोजायची कुठून?

विषय एकाच मशीनचा आहे. १३ इंची मॅकबुक एअर, २०१७ चं मॉडेल. ॲपलने ते ५ जून २०१७ ला आणलं आणि ९ जुलै २०१९ ला यादीतून काढलं, म्हणजे दोन वर्षांहून थोडा जास्त काळ ते नवं कोरं विकलं जात होतं. आता असा एक ग्राहक धरा ज्याने ते अगदी शेवटी, जून २०१९ मध्ये घेतलं. सेकंडहँड नाही, रिफर्बिश्ड नाही, सीलबंद बॉक्स आणि पूर्ण वॉरंटी. त्याला काय मिळालं ते नीट बघूया, कारण कंपन्या जुन्या कॉम्प्युटरला किती वर्षं अपडेट देतात असं विचारलं की लोक "सात-आठ वर्षं देतात की" असं एका आकड्यात सांगून मोकळे होतात, आणि या ग्राहकाच्या बाबतीत तो आकडा साफ चुकतो.

ऑक्टोबर २०१९ मध्ये कॅटलिना, म्हणजे मॅकच्या ऑपरेटिंग सिस्टिमचं (मॅकओएसचं) नवं व्हर्जन, आलं, ते त्याच्या मशीनवर चाललं. नोव्हेंबर २०२० ला बिग सर आलं, तेही चाललं. २५ ऑक्टोबर २०२१ ला मोंटेरे, तेही. मग २४ ऑक्टोबर २०२२ ला व्हेंचुरा आलं आणि त्याच्या यादीत मॅकबुक एअर होते ते २०१८ पासून पुढचे. इथून पुढे या मशीनला फक्त मोंटेरेचे सिक्युरिटी पॅच, म्हणजे सुरक्षेतल्या त्रुटी बुजवणारे अपडेट, येत राहिले, आणि २९ जुलै २०२४ ला १२.७.६ आल्यावर ते नेहमीचे पॅचही थांबले. म्हणजे नवी व्हर्जन्स मिळाली तीन वर्षं चार महिने आणि सिक्युरिटी पॅच मिळाले पाच वर्षं एक महिना, बस.

पाच वर्षं म्हणजे अगदीच कमी नाहीत असं कोणी म्हणेल, आणि नुसता आकडा बघितला तर ते खरंय. पण हाच लॅपटॉप ज्याने जून २०१७ मध्ये घेतला त्याला सात वर्षं मिळाली. आणि याहून मोठी गंमत पुढे आहे. या २०१७ च्या मॉडेलच्या आत इंटेलचा कोअर आय५-५३५०यू हा प्रोसेसर आहे, तो पाचव्या पिढीचा म्हणजे ब्रॉडवेल, २०१५ च्या सुरुवातीचा. ॲपलने मार्च २०१५ मध्ये जो एअर आणला होता त्यात त्याच पिढीचा आय५-५२५०यू होता. २०१७ ला थोडा वेगवान प्रोसेसर टाकला, ८ जीबी रॅम ठेवली, बाकी स्क्रीन तीच १४४० बाय ९००, बॉडी तीच, पोर्ट तेच. सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये जाऊन मॉडेल आयडेंटिफायर बघितलात तर २०१५ च्या १३ इंचीचा आणि २०१७ च्याचा एकच आहे, मॅकबुकएअर७,२. ज्या आयडेंटिफायरने सॉफ्टवेअर मशीन ओळखतं तिथे या दोघांत फरकच नाही.

म्हणजे तीन माणसं झाली. एकाने मार्च २०१५ मध्ये घेतला त्याला नऊ वर्षांहून जास्त काळ पॅच मिळाले, दुसऱ्याने जून २०१७ ला घेतला त्याला सात, तिसऱ्याने जून २०१९ ला घेतला त्याला पाच, आणि तिघांचाही सपोर्ट एकाच महिन्यात संपला. बिलावरची तारीख कुणाचीही असो, तिला इथे काडीची किंमत नाही. मोजणी त्या चिपच्या पिढीपासून होते, आणि दुकानात बॉक्सवर जे २०१७ लिहिलेलं असतं तेसुद्धा या बाबतीत अर्धवटच माहिती देतं.

हे नुसतं तर्काने म्हणत नाहीये, त्याचा पुरावा त्याच दिवशीच्या दुसऱ्या मशीन्समध्ये आहे. ५ जून २०१७ ला ॲपलने एअरसोबत मॅकबुक प्रो आणि १२ इंची मॅकबुकसुद्धा नवे आणले होते, त्या दोघांत सातव्या पिढीचे केबी लेक प्रोसेसर होते. एकाच दिवशी आलेले तीन लॅपटॉप, तिघांवरही २०१७ लिहिलेलं, आणि व्हेंचुरामध्ये प्रो आणि १२ इंची आत घेतले, एअर बाहेर. पुढच्या वर्षी २६ सप्टेंबर २०२३ ला सोनोमा आलं तेव्हा ते दोघेही बाहेर गेले ही गोष्ट वेगळी, पण त्यांना एक व्हर्जन जास्त मिळालं ते चिपमुळे.

माझ्या मनाला यात सगळ्यात जास्त काय लागतं तर हे मशीन घेणारी माणसं कोण होती ते. ऑक्टोबर २०१८ मध्ये रेटिना स्क्रीनवाला नवा एअर जाहीर झाला, त्यात आठव्या पिढीचा प्रोसेसर आणि टी२ सिक्युरिटी चिप होती, तरी जुना २०१७ चा विकत राहिले कारण मॅक लॅपटॉपमध्ये तो सगळ्यात स्वस्त होता. आता सगळ्यात स्वस्त मॉडेल कोण घेतं? ज्याला एकदा घेऊन शक्य तितकी जास्त वर्षं वापरायचंय तो घेतो, शिकणारी मुलं, निवृत्त माणसं, पहिल्यांदा मॅक घेणारे. ज्यांना दर तीन वर्षांनी मशीन बदलणं परवडतं ते शोरूममध्ये शेजारी ठेवलेला नवाच उचलतात. म्हणजे ज्याला सपोर्ट जास्त काळ हवा होता त्यालाच तो कमी मिळाला, आणि विकत घेताना कुणी त्याला तसं सांगितलं नाही.

सपोर्ट म्हणजे नक्की काय काय

इथे बरीच गल्लत होते म्हणून जरा थांबतो. सपोर्ट संपला असं आपण एका वाक्यात म्हणतो पण त्यात चार-पाच वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या वेगवेगळ्या वेळी संपतात. नवं व्हर्जन मिळणं ही एक, ती ऑक्टोबर २०२२ ला संपली. जुन्या व्हर्जनला सिक्युरिटी पॅच मिळणं ही दुसरी, ती जुलै २०२४ ला. फर्मवेअर ही तिसरी, म्हणजे मशीन चालू होताना सिस्टिमच्याही आधी जे चालतं ते. मॅकमध्ये फर्मवेअर मॅकओएसच्या अपडेटसोबतच येतं, त्यामुळे सिस्टिम थांबली की तेही थांबतं. विंडोजच्या लॅपटॉपला बायोसचं, म्हणजे तिथल्या फर्मवेअरचं, अपडेट लॅपटॉप बनवणारी कंपनी वेगळं देते आणि तिचं वेळापत्रक मायक्रोसॉफ्टच्या वेळापत्रकाशी जुळेलच असं नाही, विंडोज अपडेट व्यवस्थित येतंय पण बायोस कित्येक वर्षं जुनं आहे अशी मशीन्स भरपूर आहेत आणि मालकाला पत्ताही नसतो. मग ब्राउझर आणि बाकीची ॲप्स, ती ज्याच्या त्याच्या कंपनीच्या मर्जीवर.

आणि शेवटची गोष्ट पार्ट्स आणि रिपेअर. इथे ॲपलचा नियम लेखी आहे: विक्री बंद होऊन पाच वर्षं झाली की प्रॉडक्ट व्हिंटेज (पार्ट असेल तरच रिपेअर), सात वर्षं झाली की ऑब्सोलिट (रिपेअर बंद), आणि लॅपटॉपची फक्त बॅटरी काही बाबतीत दहा वर्षांपर्यंत बदलून मिळू शकते, अर्थात पार्ट असेल तर. हे मोजायचं कधीपासून, तर विक्री बंद झाल्यापासून. आमच्या या एअरसाठी ते जुलै २०१९ पासून सुरू होतं.

हे परत एकदा वाचा. एकच कंपनी, एकच मशीन, पण स्क्रू आणि बॅटरीसाठी मोजणी विक्री संपल्यापासून, म्हणजे शेवटच्या ग्राहकालाही पुरेशी वर्षं मिळतील अशी, आणि सॉफ्टवेअरसाठी मोजणी चिपच्या पिढीपासून, तीही कुठे लिहून न देता. हार्डवेअरचा नियम ग्राहकाच्या बाजूने इतका नीट करता येतो तर सॉफ्टवेअरचा का नाही, हा माझा मुख्य प्रश्न आहे.

सॉफ्टवेअरबद्दल ॲपल व्हर्जनची शेवटची तारीख आधी जाहीर करत नाही. लोकांनी वर्षानुवर्षं बघून अंदाज बांधलाय की सध्याचं व्हर्जन आणि त्यामागची दोन, अशा तीन व्हर्जन्सना पॅच मिळतात. मोंटेरेचं तसंच झालं, सप्टेंबर २०२४ ला सिक्वोया आलं आणि मोंटेरे चौथ्या नंबरवर गेलं. पण हा अंदाज आहे, वचन नाही. आणि मागच्या दोन व्हर्जन्सना मिळतं तेही सगळं मिळत नाही, ॲपलच्याच कागदपत्रात लिहिलंय की सगळ्या माहीत असलेल्या सिक्युरिटी त्रुटी आधीच्या व्हर्जन्समध्ये दुरुस्त होत नाहीत. एक उदाहरण सांगतो. ३१ मार्च २०२२ ला मोंटेरेसाठी १२.३.१ आलं, त्यात दोन अशा त्रुटी बुजवल्या होत्या ज्यांचा गैरवापर आधीच सुरू असल्याची शक्यता कंपनीनेच सांगितली होती. बिग सर तेव्हा "सपोर्टेड" होतं, तरी त्याला या दुरुस्त्या मिळाल्या १६ मे २०२२ ला. सहा आठवड्यांहून जास्त काळ त्रुटी जगजाहीर आणि एका मागचं व्हर्जन उघडं. म्हणून मी व्हेंचुरा न मिळण्याची तारीख, ऑक्टोबर २०२२, हीच खरी महत्त्वाची मानतो, त्या दिवसापासून हे मशीन दुसऱ्या रांगेत गेलं.

बाहेर का काढलं

कंपनीची बाजूही नीट मांडली पाहिजे, नाहीतर नुसती तक्रार होईल. प्रत्येक नवं व्हर्जन प्रत्येक सपोर्टेड मशीनवर तपासावं लागतं, आणि त्यात सगळ्यात त्रास ग्राफिक्सचा असतो. ग्राफिक्स ड्रायव्हर हा सिस्टिमच्या अगदी पोटात बसलेला भाग, दर व्हर्जनला त्याच्या आजूबाजूचं बदलतं, मग ड्रायव्हर पण बदलावा लागतो, आणि २०१५ च्या चिपसाठी ते काम करायला माणसं लावायची तर ती नव्या कामातून काढायची. त्यात जून २०२० मध्ये ॲपलने स्वतःच्या चिपवर जायचं जाहीर केलं होतं, २०२२ येईपर्यंत जवळपास सगळी मॅक्स त्यावर गेली होती, इंटेलच्या मॅकवर काम करायची इच्छा किती उरली असेल ते सांगायला नको. शिवाय टी२ नसलेल्या मशीनमध्ये बूट होताना जी तपासणी नव्या मशीनमध्ये होते ती होत नाही, त्यामुळे सुरक्षेच्या नव्या कल्पना तिथे पूर्ण बसत नाहीत. ही कारणं खोटी नाहीत.

पण ही कारणं मशीन कधी सोडायचं याची आहेत. जे मशीन चार वर्षं जुन्या चिपवर आहे हे कंपनीला पक्कं माहीत होतं ते २०१९ पर्यंत नवं म्हणून का विकलं, याचं उत्तर त्यात नाही. कमी वर्षं सपोर्ट देणार असाल तर तसं बॉक्सवर लिहा, लिहायचं नसेल तर विकणं आधी थांबवा, मधला रस्ता म्हणजे ग्राहकाला अंधारात ठेवणं.

बाकीचे काय करतात

हा प्रकार एकट्या ॲपलचा समजू नका. विंडोज १० ची शेवटची तारीख, १४ ऑक्टोबर २०२५, ही २०१५ पासून माहीत होती, याबाबत मायक्रोसॉफ्ट बरी. पण जून २०२१ मध्ये विंडोज ११ जाहीर झालं आणि यादीत इंटेलची आठवी पिढी आणि पुढचं एवढंच, टीपीएम २.० हा सुरक्षेचा भाग मशीनमध्ये पाहिजे ते वेगळं. २०१८ ला सातव्या पिढीचा लॅपटॉप घेतलेल्या माणसाला तीन वर्षांनी कळलं की पुढचं व्हर्जन त्याच्यासाठी नाही. आणि लॅपटॉपमधली आठवी पिढी तरी काय, ऑगस्ट २०१७ ला आलेला आय५-८२५०यू आतून केबी लेकचाच सुधारलेला भाऊ, कोअरची रचना तीच, फक्त दोनाच्या जागी चार. नंतर ऑगस्ट २०२१ मध्ये यादीत थोड्या सातव्या पिढीच्या चिप्स घेतल्या, त्यात लॅपटॉपवाली एकच होती, आय७-७८२०एचक्यू, आणि ती मायक्रोसॉफ्टच्याच सरफेस स्टुडिओ २ मध्ये होती. स्वतःचं महागडं मशीन आत आलं. त्यांनी ड्रायव्हरचं कारण दिलं, ते तांत्रिकदृष्ट्या चूक नसेलही, पण बाहेर राहिलेल्या माणसाला त्यातून काय वाटलं असेल ते समजू शकतं. नंतर घरगुती वापरकर्त्यांसाठी विंडोज १० चे सिक्युरिटी पॅच १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढवून मिळाले, पण त्यासाठी नाव नोंदवावं लागतं, आपोआप येत नाहीत.

यात मला सगळ्यात सरळ वाटतो तो क्रोमबुकचा कारभार. गुगल प्रत्येक मॉडेलची ऑटोमॅटिक अपडेट संपायची तारीख यादीत देतं, औषधाच्या पट्टीवर एक्सपायरी असते तशी, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये त्यांनी २०२१ पासूनच्या क्रोमबुकसाठी ही मुदत दहा वर्षं केली. त्यातही मेख आहेच, ती दहा वर्षं प्लॅटफॉर्म बाजारात आल्यापासून मोजतात, तुम्ही घेतल्यापासून नाही, त्यामुळे सेलमध्ये पडून असलेलं मॉडेल घेतलं तर चार वर्षं आधीच संपलेली असू शकतात. पण निदान तारीख समोर आहे, बघून ठरवता येतं. २०१९ च्या एअरवाल्याकडे बघायला काहीच नव्हतं.

जुलै २०२४ नंतर त्या मशीनचं काय

त्या दिवशी काहीच झालं नाही, आणि हीच अडचण आहे. स्क्रीन तशीच, कीबोर्ड तोच, मेल येतेय, व्हिडिओ चालतोय. सपोर्ट संपल्याचा ठळक मेसेजसुद्धा येत नाही, सॉफ्टवेअर अपडेट उघडलं की तुमचं मॅक अप टू डेट आहे असं दिसतं, कारण त्या मशीनसाठी जे उपलब्ध आहे ते खरंच सगळं टाकलेलं असतं. साध्या वापरकर्त्याने यातून काय समजायचं?

धोका कुठला ते एका जुन्या घटनेवरून कळेल. सप्टेंबर २०२३ मध्ये टोरोंटो विद्यापीठातल्या सिटिझन लॅब या संशोधन गटाने आयफोनवरचा एक हल्ला उघडकीला आणला, मूळ त्रुटी इमेज वाचणाऱ्या कोडमध्ये होती आणि तोच कोड मॅकमध्येही आहे, खास बनवलेलं चित्र प्रोसेस झालं की पुरे, तुम्ही काही क्लिक करायची गरज नाही. ११ सप्टेंबर २०२३ ला मोंटेरेला १२.६.९ मिळालं आणि बिग सरलाही ११.७.१० मिळालं, सगळे वाचले. अशीच त्रुटी आज सापडली तर नव्या व्हर्जनला पॅच येईल, आणि पॅच आला की हल्ला करणाऱ्यांना नेमकी जागाही कळते, जुनी मशीन्स मात्र तशीच राहतात.

ब्राउझर हा पहिला बचाव, आणि इथे एक गोष्ट लगेच करण्यासारखी आहे. सफारी मॅकओएसशी बांधलेला आहे, मोंटेरेवर तो १७.६ ला थांबला. त्यामुळे या मशीनवर सफारी वापरणं बंद करा आणि फायरफॉक्स घ्या, त्याला मॅकओएसची जुनी व्हर्जन्स बरीच वर्षं चालतात, कॅटलिनापर्यंत मागे. वेबवरचा बराचसा धोका त्याने कमी होतो. सिस्टिमच्या आतलं, वायफायचं, ब्लूटूथचं, फाइल वाचणाऱ्या कोडचं मात्र ब्राउझर बदलून काही होत नाही.

दुसरा मार्ग म्हणजे ओपनकोअर लेगसी पॅचर. हा हौशी आणि अतिशय हुशार लोकांनी चालवलेला मोफत प्रकल्प आहे, त्याने या एअरवर व्हेंचुरा, सोनोमा, सिक्वोया टाकता येतं आणि वापरण्याजोगं चालतं. मला या लोकांबद्दल मनापासून आदर आहे, कंपनीने सोडलेली मशीन्स ते कुठलाही मोबदला न मागता जिवंत ठेवतात. पण ते कसं चालतं तेही समजून घ्या. व्हेंचुरापासून ॲपलने ब्रॉडवेलचे ग्राफिक्स ड्रायव्हर काढून टाकलेत, तर पॅचर जुने ड्रायव्हर परत सिस्टिममध्ये घालतो, त्यासाठी सिस्टिमचं सील मोडावं लागतं, सिस्टिम इंटेग्रिटी प्रोटेक्शन, म्हणजे सिस्टिमच्या फाइल्स बदलू न देणारं संरक्षण, खाली आणावं लागतं, आणि दर अपडेटनंतर हे पॅच परत लावावे लागतात. म्हणजे नवे सिक्युरिटी पॅच मिळवण्यासाठी दुसरीकडची सिक्युरिटी कमी करायची. ज्याला हे कळतं आणि काही बिघडलं तर स्वतः निस्तरता येतं त्याने जरूर करावं. आईवडिलांच्या मशीनवर टाकून आपण परगावी निघून जायचं, हे करू नका, एखादं अपडेट आलं आणि स्क्रीन अडखळायला लागली की त्यांनी काय करायचं?

तिसरा लिनक्स, म्हणजे मॅकओएसच्या जागी टाकता येणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम, आणि माझं मत विचाराल तर या मशीनसाठी सगळ्यात चांगला मार्ग हाच. हार्डवेअर चांगलंय हो. ८ जीबी रॅम आहे, ती बोर्डवर सोल्डर केलेली असल्याने वाढत नाही, पण लिनक्सला पुरते. एसएसडी काढून बदलता येते, बॅटरी चिकटवलेली नाही, स्क्रूंनी बसवलेली आहे, नव्या कितीतरी लॅपटॉपपेक्षा हा उघडायला सोपा. उबुंटू २४.०४ किंवा लिनक्स मिंट २२ (लिनक्सचेच दोन प्रकार) टाकलं तर दोन्हींना २०२९ पर्यंत अपडेट आहेत, म्हणजे २०१५ च्या चिपला चौदा वर्षं झाली. दोन ठिकाणी अडेल ते आधीच सांगतो. वायफायची ब्रॉडकॉमची चिप आहे, बीसीएम४३६०, तिचा ड्रायव्हर ओपन सोर्स नाही, वेगळा टाकावा लागतो आणि तो टाकायलाच बऱ्याचदा इंटरनेट लागतं, म्हणून इन्स्टॉल करताना फोन यूएसबीने जोडून त्याचं नेट वापरा, दहा मिनिटांचं काम आहे. दुसरं म्हणजे कॅमेरा, त्याचा लिनक्स ड्रायव्हर लोकांनी रिव्हर्स इंजिनिअरिंग करून बनवलाय, तो हाताने बसवावा लागतो आणि कर्नल (लिनक्सचा गाभा) बदलला की कधी कधी परत. व्हिडिओ कॉल रोजचे असतील तर साधा यूएसबी वेबकॅम घेणं जास्त शहाणपणाचं. कीबोर्ड, ट्रॅकपॅड, आवाज यांचा त्रास नाही.

काही जण म्हणतात बूटकॅम्पने, म्हणजे मॅकवर विंडोज चालवायच्या ॲपलच्या सोयीने, विंडोज टाका, पण विंडोज १० चा साधा सपोर्ट संपलाय आणि पाचवी पिढी विंडोज ११ च्या यादीच्या जवळपासही नाही, तो रस्ता सोडून द्या. आणि ज्याचं काम एखाद्या मॅकच्याच सॉफ्टवेअरवर अडलेलं आहे, आणि त्या सॉफ्टवेअरला नवं मॅकओएस लागतं, त्याने उगाच ताणू नये, कामाचं मशीन बदलावं आणि हे घरातल्या कुणाला लिनक्स टाकून द्यावं.

नियम कुठे आहेत

कायद्याने हे सुटू शकतं, आणि फोनच्या बाबतीत थोडं सुटलंही. युरोपियन युनियनमध्ये २० जून २०२५ पासून स्मार्टफोन आणि टॅब्लेटसाठी नियम लागू झाला की त्या मॉडेलचं शेवटचं युनिट बाजारात आणणं थांबल्यापासून निदान पाच वर्षं ऑपरेटिंग सिस्टिमचे अपडेट मिळत राहिले पाहिजेत. शेवटचं युनिट, हा शब्द बघा, नेमकी तीच मोजणी जी आपल्या एअरला मिळाली नाही. हा नियम लॅपटॉपला असता तर जुलै २०१९ पासून पाच वर्षं म्हणजे जुलै २०२४ आलं असतं, आणि खरं सांगायचं तर सिक्युरिटी पॅच तिथपर्यंत आलेही. फरक हा की ग्राहकाला ते आधी माहीत असतं, आणि पाच हा आकडा लॅपटॉपसाठी मला मुळातच कमी वाटतो, फोनपेक्षा लॅपटॉप जास्त वर्षं टिकतो, मग आकडाही जास्त पाहिजे. ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून कंपन्यांना सिक्युरिटी अपडेटची किमान मुदत सांगावी लागते, पण साधे लॅपटॉप आणि डेस्कटॉप त्यातून वगळलेत, का वगळले हे मला आजवर पटलेलं नाही. युरोपचा सायबर रेझिलियन्स ॲक्ट मात्र कॉम्प्युटरलाही लागू आहे, त्याचे मुख्य नियम ११ डिसेंबर २०२७ पासून, त्यात साधारणपणे किमान पाच वर्षं सपोर्ट आणि सपोर्ट संपायचा महिना-वर्ष विकत घेतानाच स्पष्ट दिसला पाहिजे असं आहे.

तोपर्यंत हे प्रकरण एकट्या एअरचं राहिलेलं नाही. २०१८ चा इंटेलवाला मॅक मिनी ॲपलने जानेवारी २०२३ पर्यंत विकला, म्हणजे स्वतःच्या चिपचा मिनी दोन वर्षांहून जास्त काळ शेजारी विकत असताना. सप्टेंबर २०२५ ला मॅकओएस टाहो आलं आणि तो मिनी यादीतून गेला, शेवटी घेणाऱ्याला नवी व्हर्जन्स तीन वर्षंही मिळाली नाहीत. इंटेलचा मॅक प्रो जून २०२३ पर्यंत विक्रीला होता, त्याला टाहो मिळालं पण इंटेलसाठी तेच शेवटचं असं ॲपलने जून २०२५ मध्ये सांगून टाकलंय.

म्हणून आत्ता कोणी जुनं मॉडेल नवं म्हणून घेत असेल, डिस्काउंटमध्ये किंवा रिफर्बिश्ड, तर मॉडेलचं वर्ष बघून थांबू नका. प्रोसेसरचा पूर्ण नंबर मागून घ्या आणि तो कधी आला ते इंटेल किंवा एएमडीच्या साइटवर बघा, मॅक असेल तर सध्याच्या मॅकओएसच्या यादीत त्या मॉडेलच्या खाली अजून किती जुनी मॉडेल्स आहेत ते बघा, खाली एकही नसेल तर पुढच्या वर्षी पहिलं तेच जायची शक्यता जास्त. क्रोमबुकची तारीख गुगलच्या यादीत मिळते. विंडोजचा लॅपटॉप असेल तर बनवणाऱ्या कंपनीच्या पानावर त्या मॉडेलचं शेवटचं बायोस कधी आलंय ते बघा. आणि विक्रेत्याला सरळ विचारा की याला अपडेट कुठल्या महिन्यापर्यंत मिळणार ते लिहून द्या. बहुतेक वेळा तो देऊ शकणार नाही, मग मशीनची उरलेली वर्षं तुम्ही काढलेल्या हिशेबाने धरा आणि किंमत त्यावर ठरवा.